जर्मनीत रोबोटिक्सचं एमएस ‘फुकट’? थांबा जरा

‘जर्मनीत मास्टर्स फुकट असतं, फक्त विमानाचं तिकीट काढायचं’, हे वाक्य पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या कट्ट्यावर वर्षानुवर्षं फिरतंय. ते अर्धंच खरं आहे.

डॉर्टमुंडच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत ‘ऑटोमेशन अँड रोबोटिक्स’ इंग्रजीतून शिकता येतं आणि ट्यूशन फी नाही. दर सेमिस्टरला काहीशे युरोंचं शुल्क तेवढं भरायचं. पण बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात, म्हणजे कार्ल्सरुहे, स्टुटगार्टला, युरोपीय संघाबाहेरच्यांना 2017पासून सेमिस्टरला 1,500 युरो पडतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं तर 2024च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला 4,000 ते 6,000 युरो लावलेत, तेही दर सेमिस्टरला. आखेनचा रोबोटिक्सचा खास कोर्सही सशुल्कच.

खरी मेख ब्लॉक्ड अकाउंटची, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढू देणाऱ्या बँक खात्याची. सप्टेंबर 2024पासून व्हिसासाठी साधारणपणे वर्षाचे 11,904 युरो या खात्यात आधीच भरून दाखवावे लागतात. ही फी नव्हे, पैसे आपलेच; पण तिथे गेल्यावर महिन्याला 992 युरोच हाती येतात. लॅपटॉप पहिल्याच आठवड्यात बिघडला तरी तेवढेच! घरभाडं, आरोग्य विमा, किराणा सगळं त्यातच. शिवाय भारतीयांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतं, त्याची फी वेगळी.

म्हणून बाबांना ‘फुकट’ सांगण्याआधी युनिव्हर्सिटीच्या फीचं पान उघडा.