बॅटरी थंड, सांधा गरम

चवथ झाली, पाऊस जरा मागे हटला आणि माझ्या भाच्याने पाच महिने कपाटात पडून असलेला ड्रोन बाहेर काढला. अकरावीत शिकतो. सुटे भाग आणून त्याने तो स्वतःच जोडलाय. चार मोटरी, तीन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, वजन ९०० ग्रॅम. एका चार्जिंगला बारा मिनिटं उडायचा. पावसाळ्यात घरी बसून त्याने दुसरी तशीच बॅटरी जोडण्यासाठी वायरिंग तयार केलं होतं. हिशेब सरळ होता: बॅटऱ्या दोन, म्हणजे मिनिटं चोवीस.

गोव्यातल्या डिचोलीबाहेरच्या सड्यावर आम्ही तो उडवला. तेराव्या मिनिटाला बॅटरी संपत आल्याचा बझर वाजायला लागला. ड्रोन खाली उतरल्यावर मी सवयीने सगळीकडे हात लावून पाहिला. मोटरी कोमट होत्या, दोन्ही बॅटऱ्या जेमतेम कोमट. पण दोन बॅटऱ्यांच्या लाल तारा जिथे एका तारेला मिळतात, तिथल्या सांध्यावर चढवलेल्या काळ्या नळीला बोट लावलं आणि चटकाच बसला.

"मामा, बॅटरी गरम झाली असती तर समजलं असतं. पण नुसती वायर का तापेल?"

विजेच्या वाटेत जिथे अडथळा, तिथे उष्णता. हे शाळेत शिकलेलं असतं, पण त्यातला 'वर्ग' आपण विसरतो. उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. मोबाइलच्या चार्जरमधून दोन-तीन अँपिअर वाहतात, तिथे वाईट सांधाही निभावून जातो. ड्रोन नुसता हवेत तरंगत ठेवायला वीस अँपिअर लागतात आणि जोरात वर चढवला तर चाळीस. तिथे तो निभावत नाही.

मग त्या सांध्याचा रोध किती? मल्टिमीटर ओहमवर, म्हणजे रोध मोजण्यावर, ठेवून हे कळत नाही. त्याच्या दोन टोकदार तारांचाच रोध सांध्याच्या कितीतरी पट असतो. खाणीच्या ट्रकांचा वजनकाटा घेऊन अबोलीचा वळेसर तोलण्यासारखं ते होईल. घरी करता येईल असा उपाय वेगळा आहे. आम्ही ड्रोन बाजूला ठेवला आणि त्याच वायरिंगवर गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट, ५५ वॅटचा बल्ब पेटवला. तो सुमारे ४.६ अँपिअर ओढतो. बल्ब जळत असताना मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून सांध्याच्या अलीकडे आणि पलीकडे टोकं टेकवली. काळ्या तारेच्या सांध्यावर ३ मिलिव्होल्ट. लाल तारेच्या सांध्यावर ९२.

बाण्णव मिलिव्होल्ट भागिले ४.६ अँपिअर, म्हणजे २० मिलिओहम. ऐकायला नगण्य. पण वीस अँपिअरला त्यातून ८ वॅट उष्णता निघते आणि चाळीस अँपिअरला ३२ वॅट. भाच्याने ज्या सोल्डरिंग आयर्नने तो सांधा दिला होता, ते होतं २५ वॅटचं. म्हणजे ड्रोन जोरात वर चढत असताना त्याच्या पोटाखाली एक पेटतं सोल्डरिंग आयर्नच बसलेलं होतं. पंख्यांचा वारा लागत होता म्हणून सोल्डर, म्हणजे सांध्यातला कथील-शिशाचा मिश्रधातू, वितळलं नाही. वितळलं असतं तर चारही मोटरी एकदम बंद पडल्या असत्या.

बझर लवकर वाजण्यामागेही हा सांधा होता. वीस अँपिअरला त्यावर ०.४ व्होल्ट खर्च होत होते. ड्रोनच्या मेंदूला बॅटरीचा दाब (व्होल्टेज) तेवढा कमी दिसायचा आणि बॅटरीत ऊर्जा शिल्लक असताना त्याला ती संपली असं वाटायचं.

ब्लेडने काळी नळी कापली. आत सोल्डरचा गोल, फुगीर, करड्या रंगाचा गोळा होता. पकडीने तार जरा ओढली तर तिचे बरेचसे पदर गोळ्यातून अलगद बाहेर आले, तांबूस आणि कोरडे. त्यांना चंदेरी रंग शिवलाही नव्हता. सोल्डर तांब्यावर नुसतं बसलं होतं, अळवावरच्या पाण्यासारखं. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब गोल राहतो, कारण पान त्याला धरून ठेवत नाही. तेच पाणी ओल्या पाटीवर टाकलं तर पसरतं, कडेला पातळ होत जातं. चांगल्या सांध्यात सोल्डर असं पसरलेलं दिसायला हवं. कडा निमुळत्या आणि तारेचे पदर वरूनही ओळखू यावेत इतका पातळ थर.

सोल्डर म्हणजे धातूचा डिंक, असा समज अगदी शिकलेल्या माणसांतही आहे आणि बहुतेक वाईट सांधे याच समजातून होतात. डिंक दोन वस्तूंच्या मध्ये सुकतो. सोल्डरचं तसं नाही. वितळलेल्या सोल्डरमधलं कथील तांब्याचा वरचा थर आपल्यात विरघळवून घेतं. तांबं वितळायला १०८५ अंश सेल्सिअस लागतात, मग ते कसं शक्य आहे? मिठाचं उदाहरण घ्या. मीठ वितळतं ८०१ अंशांना, तरी पाण्यात ते सहज विरघळतं. तांबं कथिलात तसंच विरघळतं आणि दोघांच्या सीमेवर एक नवाच पदार्थ तयार होतो. त्यात तांब्याच्या सहा अणूंमागे कथिलाचे पाच अणू असतात. हा थर काही मायक्रॉनचा, केसाहूनही बारीक. पण खरा सांधा तोच. तो झाला नसेल तर वर कितीही सोल्डर चढवा, विजेला वाट अरुंदच राहते.

ज्यांच्या लहानपणी दारात कल्हईवाला यायचा त्यांनी हे रसायन डोळ्यांनी पाहिलंय. भांडं भात्यावर चांगलं तापवायचा, त्यावर नवसागराची पूड टाकायचा, पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, मग कथिलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने एक फेर दिला की काळपट भांडं आतून चांदीसारखं व्हायचं. त्या नवसागराशिवाय कथील भांड्याला धरत नाही. तापलेल्या तांब्या-पितळेवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे ऑक्साइडचा थर लगेच चढतो आणि तो थर म्हणजेच अळूचं पान. नवसागर तापला की त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड सुटतात, त्यातलं क्लोराइड हा थर खाऊन टाकतं. सोनार डाग देताना टाकणखार लावतो तोही याचसाठी. इलेक्ट्रॉनिक्समध्ये हे काम करते राळ, पाइनच्या झाडाची. सोल्डरची तार आतून पोकळ असते आणि त्या पोकळीत राळ भरलेली असते. आयर्न टेकवल्यावर जो धूर दिसतो तो शिशाचा नसतो, राळेचा असतो. तो नाकातोंडात जाऊ देऊ नये, त्याने दमा होऊ शकतो. शिसं पोटात जातं ते बोटांवरून, म्हणून काम झालं की हात धुवायचे, मध्येच चहा-बिस्किट नाही.

नवसागर किंवा पत्र्याच्या कामाची आम्लयुक्त पेस्ट मात्र ड्रोनला कधीच लावू नका. आपल्याकडे हे मी जास्त आग्रहाने सांगतो. कल्हईचं भांडं नंतर घासलं, धुतलं जातं. तारेच्या पदरांत शिरलेली पेस्ट तिथेच राहते. मग गोव्याची दमट, खारी हवा तिला रोज थोडं थोडं पाणी पुरवते आणि ताक तांब्याच्या भांड्यात कळकावं तसं तांबं हिरवं पडत जातं. राळेचा जादा अंशसुद्धा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढलेला बरा.

भाच्याकडे सोल्डर चांगलं होतं, राळही होती. चुकलं कुठे? उष्णतेत. बॅटरीची तार दोन चौरस मिलिमीटर जाडीची, शेकडो बारीक पदरांची. तांबं विजेला जितकी सोपी वाट देतं तितकीच उष्णतेला. २५ वॅटच्या आयर्नने दिलेली उष्णता तार लांबवर वाहून नेत होती, सांध्याची जागा तापतच नव्हती. सोल्डर आयर्नच्या टोकाला लागून वितळलं, थंड तांब्यावर ओघळलं आणि तिथेच गोठलं. पणती लावून हंडाभर पाणी उकळायला बसल्यासारखं झालं. मग माणूस काय करतो? आयर्न मिनिटभर दाबून धरतो. तोवर राळ जळून जाते, कनेक्टरचं प्लास्टिक मऊ पडतं, आतल्या पिना वाकड्या होतात.

म्हणून जाड तारेला ६० वॅटचं आयर्न घ्यावं, पसरट टोकाचं, ३७० अंशांच्या आसपास ठेवलेलं. ताकदवान आयर्न धसमुसळं वाटतं, पण ते चार-पाच सेकंदांत काम उरकतं, त्यामुळे आसपासचं काही तापायला वेळच मिळत नाही. आम्ही नळीचा नवा तुकडा आधीच तारेत सरकवून ठेवला. तारेची टोकं स्वच्छ सोलून प्रत्येकाला वेगळं सोल्डर पाजलं. सोल्डरची तार आयर्नला लावायची नाही, तांब्याला लावायची. तांबं स्वतः तिला वितळवेल इतकं तापलं की ते पदरांत झिरपताना दिसतं, वातीत तेल चढावं तसं. मग दोन्ही टोकं एकत्र आणून एकदाच तापवली आणि थंड होईपर्यंत श्वास रोखल्यासारखं स्थिर धरलं.

त्या शेवटच्या क्षणासाठी सोल्डरचं प्रमाण महत्त्वाचं. नुसतं कथील २३२ अंशांना वितळतं, नुसतं शिसं ३२७ ला. पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं यांचं मिश्रण दोघांहूनही खाली, १८३ अंशांना वितळतं, आणि त्याच अंशावर गोठतं. मधली लगद्यासारखी अवस्थाच नाही. ६०-४० च्या सोल्डरला ती थोडी असते. तेवढ्यात हात हलला की आत भेगा पडतात. शिसं नसलेलं सोल्डर सुमारे २१७ अंशांना वितळतं आणि चांगलं बसलं तरी जरा निस्तेजच दिसतं, तेव्हा चकाकीवरून त्याची परीक्षा करू नये.

सोल्डर पदरांत झिरपणं चांगलं, पण ते इन्सुलेशनच्या आत लांबवर चढलं तर नवी पंचाईत. तेवढी तार काडीसारखी ताठ होते आणि ताठ व लवचीक भागाच्या सीमेवर सगळा ताण येतो. मोटर मिनिटाला १२,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला २०० हादरे, दहा मिनिटांत १,२०,०००. पत्र्याची पट्टी पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसे पदर एकेक करून तुटतात. वरून काहीच दिसत नाही. सांध्याच्या पुढे तार चौकटीला प्लास्टिकच्या पट्टीने बांधली की हादरे सांध्यापर्यंत पोचत नाहीत.

नव्या सांध्यावर बल्बची परीक्षा पुन्हा घेतली. अडीच मिलिव्होल्ट, आणि त्यातलेही काही मधल्या तारेचे.

दोन बॅटऱ्या समांतर जोडताना एक गोष्ट मी भाच्याकडून तीनदा म्हणवून घेतली: सेलची संख्या सारखी, आणि जोडण्याआधी दोन्हींचा दाब मोजून सारखा. एक पूर्ण भरलेली, १२.६ व्होल्टची. दुसरी वापरलेली, ११.१ व्होल्टची. फरक दीड व्होल्टचा. या बॅटऱ्यांचा अंतर्गत रोध मिळून ३० मिलिओहम धरला तर जोडल्याच्या पहिल्या क्षणी एकीतून दुसरीत ५० अँपिअर घुसतात. लिपो बॅटरीला असं चार्ज करणं म्हणजे तिला पेटवायला निघणं. बॅटरीचं कनेक्टर बदलायचं असेल तेव्हाही दोन्ही तारा एकदम कापायच्या नाहीत. कात्रीचं पातं दोन्हींना एकदम शिवलं की तेच शॉर्टसर्किट. एक तार कापा, सांधा, झाका, मग दुसरीला हात घाला.

आता राहिली चोवीस मिनिटं. सांधा निर्दोष असता तरी ती मिळणार नव्हतीच. तरंगत राहायला लागणारी शक्ती वजनाच्या दीड घाताने वाढते, म्हणजे वजन गुणिले वजनाचं वर्गमूळ. ३०० ग्रॅमची बॅटरी चढवली की ९०० चे १२०० ग्रॅम झाले. वजन तेहतीस टक्क्यांनी वाढलं, शक्ती चोपन्न टक्क्यांनी. ऊर्जा दुप्पट, खर्च दीडपटीहून जास्त, म्हणून बारा मिनिटांची होतात साडेपंधरा. तिसरी बॅटरी लावली तर पावणेसतरा. चौथीला सतरा. पाचवी लावली तर वेळ उलटा कमी होतो, आणि त्याआधीच मोटरींनी हात टेकलेले असतात. कागदावर हे मांडल्यावर भाचा बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसला.

वजनाचा संबंध कायद्याशीही आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. २४० ग्रॅमच्या छोट्या ड्रोनवर जादा बॅटरी चढली की त्याचा वर्गच बदलतो. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत, तेव्हा उडवण्याआधी 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा पाहणं आलंच.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा सड्यावर गेलो. ड्रोन खाली आला तेव्हा भाच्याने आधी सांध्याला बोट लावलं आणि तसंच टेकवून ठेवलं. मग माझ्या मोबाइलवरची वेळ विचारली. पंधरा मिनिटं वीस सेकंद.