पैसे आले, पण घेणारा गप्प झालाय? कॅमेरा-लेन्स विकणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

आमच्याकडे सर्व्हिसिंगला येणारे बरेच कॅमेरे विकायच्या आधी येतात. सेन्सर साफ करून घ्यायचा, लेन्स आतून बघून घ्यायची, शटर तपासायचं आणि मग ओळखीतून नाहीतर ऑनलाइन गिऱ्हाईक बघून द्यायचा, पद्धत चांगलीच आहे. पण हल्ली एकच अडचण घेऊन लोक परत येतात. डील ठरली, समोरच्याने पूर्ण पैसे पाठवले, आणि त्यानंतर फोन उचलत नाही, मेसेजला उत्तर नाही, पत्ता सुद्धा दिला नाही. पैसे न देता कोणी गायब झालं तर राग येतो पण काम सोपं असतं, दुसरं गिऱ्हाईक बघायचं. पैसे देऊन गायब झाला की नेमकं काय करायचं ते कळत नाही, आणि मग घाईत चुका होतात, म्हणून हे माहितीपत्रक.

सगळ्यात आधी एक धरून चाला: कॅमेरा आता तुमचा राहिलेला नाही आणि पैसेही अजून पुरते तुमचे झालेले नाहीत. तुम्ही सध्या दोन्हीचे राखणदार आहात. त्यामुळे ते पैसे खर्च करू नका, जमलं तर बाजूला काढून ठेवा, आणि कॅमेरा तर दुसऱ्या कुणालाही विकू नका, कितीही चांगली ऑफर आली तरी. आमच्या एका ग्राहकाने दोन आठवडे वाट बघितली, लेन्स दुसऱ्याला देऊन टाकली, आणि तीनच दिवसांनी पहिल्याचा फोन आला, तो ऑपरेशन होऊन नुकताच घरी आला होता. पैसे परत केले, पण त्याला जी लेन्स हवी होती ती गेलीच, आणि आमच्या ग्राहकाला आजही त्याचं वाईट वाटतं. माणसं गप्प होतात याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात, फोन हरवतो, घरात आजारपण निघतं, प्रवासात असतात, कधी घेतल्यावर मन बदलतं आणि ते सांगायची लाज वाटते. फसवणूकही असते, तिच्याबद्दल पुढे लिहिलंय, पण सुरुवात संशयाने करू नका.

मेसेज पोचतोय का तेच आधी बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच राखाडी टिक दिसत असेल तर मेसेज निघालाय पण त्याच्या फोनपर्यंत गेलेला नाही, म्हणजे फोन बंद असेल, नेट नसेल, नंबर बदलला असेल किंवा तुम्हाला ब्लॉक केलं असेल. दोन राखाडी टिक म्हणजे पोचलाय. निळ्या झाल्या तर वाचलाय, पण निळ्या झाल्या नाहीत म्हणून वाचलाच नाही असं नाही, कारण ती सेटिंग बंद करता येते. ज्या साइटवर जाहिरात टाकली होती तिथेही एकदा बघा, कधी कधी साइटच त्याचं अकाउंट बंद करते आणि बिचाऱ्याला तुमच्याशी बोलायचा रस्ताच उरत नाही. म्हणून एकाच जागी दहा मेसेज टाकण्यापेक्षा साइटचा चॅट, फोन, एसएमएस, ईमेल, जे जे तुमच्याकडे आहे त्या प्रत्येक ठिकाणी एकेक व्यवस्थित मेसेज टाका. पैसे पाठवताना त्याने नोटमध्ये काही लिहिलं असेल तर तेही वाचा, एकदा आम्हाला पूर्ण पत्ता तिथेच सापडलाय.

मेसेज कसा लिहायचा हे लोक आम्हाला नेहमी विचारतात. चिडून लिहू नका आणि "काय झालं??" एवढंच पण नको. असं लिहा:

"नमस्कार, कॅमेऱ्याचे तुमचे पूर्ण पैसे मला ५ तारखेला मिळाले. कॅमेरा पॅक करून तयार आहे, तुमच्यासाठी बाजूला ठेवलाय, दुसऱ्या कुणाला देणार नाही. पाठवायचा पत्ता कळवा किंवा कधी घ्यायला येणार ते सांगा. घ्यायचा नसेल तरी निःसंकोच सांगा, ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात परत करतो."

शेवटचं वाक्य नक्की टाका. मन बदललेला माणूस बऱ्याचदा त्या एका वाक्यावर बोलता होतो.

पहिले तीन-चार दिवस रोज मेसेज नको. मग एक आठवण, आठवड्याने दुसरी, आणि सगळ्यांचे स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवायचे. फोन केला आणि उचलला नाही तर कॉल लॉगचाही स्क्रीनशॉट घ्या. पुढे वाद झाला तर तुम्ही प्रयत्न केले होते हे दाखवायला हेच लागतं.

आता पैशांकडे या. पैसे खरंच आलेत का हे स्वतःच्या खात्यात जाऊन बघा, त्याने पाठवलेला स्क्रीनशॉट हा पुरावा नाही. चेक असेल तर बॅलन्समध्ये रक्कम दिसली तरी नंतर तो परत जाऊ शकतो. कार्डने पैसे आले असतील तर पैसे देणारा बँकेकडे तक्रार करून ते मागे घेऊ शकतो, व्हिसा आणि मास्टरकार्डमध्ये यासाठी साधारण १२० दिवसांपर्यंत मुदत असते, आणि पेपाल या ऑनलाइन पेमेंट सेवेत तक्रार १८० दिवसांपर्यंत करता येते. म्हणजे माणूस दोन महिने गप्प आहे म्हणून पैसे पक्के झाले असं होत नाही. आणि अशी तक्रार आली की वस्तू पाठवल्याचा पुरावा मागतात, तुम्ही तर काहीच पाठवलेलं नसतं.

पाठवलेलं नाही म्हणून घाबरून अंदाजाने पाठवू पण नका, हे आम्ही अगदी हात जोडून सांगतो. जुन्या चॅटमध्ये "मी अमुक भागात राहतो" एवढं लिहिलेलं असतं आणि लोक नेटवर नाव शोधून कुठल्यातरी पत्त्यावर पार्सल टाकतात. पेपालचं विक्रेत्याला मिळणारं संरक्षण तर व्यवहारात जो पत्ता नोंदलाय त्याच पत्त्यावर पाठवलं तरच लागू होतं. पत्ता लेखी मिळाल्याशिवाय पार्सल हलवायचं नाही.

फसवणुकीच्या तीन खुणा सांगतो. ठरल्यापेक्षा जास्त पैसे आले, आणि मग गप्प माणूस अचानक जागा होऊन म्हणतो "चुकून जास्त गेले, वरचे या दुसऱ्या खात्यात टाका", तर थांबा, मूळ पेमेंट नंतर रद्द होतं आणि तुम्ही पाठवलेले मात्र जातात. दुसरी, पैसे एका नावाने आलेत आणि बोलणारा दुसराच आहे. यात असं होऊ शकतं की भामट्याने तिसऱ्याच माणसाला काहीतरी विकायचं सांगून त्याला तुमच्या खात्यात पैसे भरायला लावलेत आणि कॅमेरा स्वतः उचलणार आहे. तिसरी, गप्प झालेल्याचा भाऊ किंवा मित्र म्हणवणारा कोणीतरी दारात येतो आणि कॅमेरा मागतो. ज्याने पैसे दिले त्याच्याकडून, त्याच्याच नंबरवरून किंवा अकाउंटवरून लेखी आल्याशिवाय द्यायचा नाही, समोरचा कितीही रागावला तरी. या तिन्हींपैकी काहीही दिसलं तर आपल्या बँकेला किंवा पेमेंट अ‍ॅपला लगेच कळवा.

आता आमच्या कामाचा भाग, ज्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. बाजूला ठेवलेला कॅमेरा कपाटात खराब होतो. ओलसर, बंद, अंधाऱ्या जागेत लेन्सच्या आत बुरशी धरते, हवेतली आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की धोका वाढतो. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरतात आणि एकदा कोटिंग खाल्लं गेलं की साफ करूनही डाग राहतो. मूळ बॅगेत, फोमच्या खोक्यात तसंच ठेवू नका, फोम ओल धरून ठेवतो. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पाकिटं, जमलं तर एक छोटा आर्द्रतामापक, आणि काटा ४० ते ५० च्या मधे. बॅटरी कॅमेऱ्यातून काढून वेगळी ठेवा, पूर्ण चार्ज करून नाही आणि पूर्ण उतरवून पण नाही, निम्म्याच्या आसपास. लिथियमच्या बॅटरीला तेच मानवतं. मेमरी कार्ड तुमचं असेल तर काढून घ्या.

ठेवायच्या आधी फोटो काढा, बॉडीच्या खालचा सिरियल नंबर, लेन्सचा सिरियल नंबर, समोरून मागून काच, स्क्रीन, आणि शटर काउंट (आजवर शटर किती वेळा उघडलं तो आकडा) दिसत असेल तर तोही. आमच्याकडून सर्व्हिसिंग केलेलं असेल तर तारीख आणि सिरियल नंबर घातलेली तपासणीची चिठ्ठी मागून घ्या, आम्ही देतो.

साधारण एक महिना झाला, सगळीकडे विचारून झालं, आणि काहीच नाही, तर शेवटची लेखी नोटीस द्या. त्यात नेमकी तारीख हवी, "लवकर कळवा" चालत नाही. "अमुक तारखेपर्यंत तुमच्याकडून काही आलं नाही तर हा व्यवहार रद्द धरून पैसे परत करेन" असं स्पष्ट लिहा आणि निदान दोन आठवडे द्या. पोस्टाचा पत्ता माहीत असेल तर पोचल्याची नोंद मिळेल असं पत्रही टाका. त्या तारखेनंतर पैसे परत, पूर्ण, आणि ज्या वाटेने आले त्याच वाटेने. पेपालमध्ये मूळ व्यवहारातूनच रिफंड करायची सोय १८० दिवसच असते, म्हणून फार ताणू नका. पैसे परत गेल्याची पावती मिळाली की मगच कॅमेऱ्याची नवी जाहिरात.

खर्च कापून घ्यायचा का, हाही प्रश्न येतो. भारतातला १९३० चा माल विक्रीचा कायदा आणि ब्रिटनमधला १९७९ चा कायदा, दोन्हीत हे आहे की विक्रेता द्यायला तयार असून त्याने घेऊन जा सांगितलं आणि वाजवी वेळात खरेदीदाराने वस्तू नेली नाही, तर त्यामुळे झालेलं नुकसान आणि सांभाळण्याचा वाजवी खर्च तो देणं लागतो. हक्क आहे, पण आमचं मत विचाराल तर खरोखर खिशातून गेलेला खर्च असेल तरच आणि पावती असेल तरच कापा. रक्कम मोठी असेल किंवा पैसे परत जातच नसतील, खातं बंद वगैरे, तर विकायच्या आधी वकिलाला विचारा. काही ठिकाणी अशी न नेलेली वस्तू नोटीस देऊन विकता येते, पण ब्रिटनच्या १९७७ च्या, दुसऱ्याच्या वस्तूंबद्दलच्या 'टॉर्ट्स (इंटरफिअरन्स विथ गुड्स)' कायद्यात तर विक्रीचा खर्च वजा करून उरलेल्या पैशाचा हिशोब मालकाला द्यावा लागतो, म्हणजे दोन्हीकडचे पैसे तुमच्याकडे राहतील असं समजू नका.

टोकन देऊन गायब झालेल्याचं वेगळं आहे. टोकन परत मिळणार की नाही हे घेतानाच लिहून घ्या, नंतर त्यावर भांडणं होतात.

आणि मुदतीच्या आत माणूस परत आला तर "इतके दिवस कुठे होता" असं सुरू करू नका. पैसे त्याच्याच नावाने आलेत ना हे बघा, मग बॅटरी चार्ज करून कॅमेरा त्याच्यासमोर चालू करा, दोन-चार फोटो काढून दाखवा, लेन्स उजेडाकडे धरून आतून बघू द्या, सिरियल नंबर जुळवा, आणि जाताना त्याच्याकडून "कॅमेरा मिळाला, चालू आहे" एवढा मेसेज त्याच जुन्या चॅटवर घ्या. इतके दिवस पडून असलेल्या लेन्सबद्दल शंका वाटली तर द्यायच्या आधी आमच्याकडे घेऊन या, बघून सांगतो.