कार्ल मॅक्गाऊन यांचा ‘विस्कळीत’ सराव

उन्हाळी शिबिरांच्या दिवसांत व्हॉलीबॉलच्या कुठल्याही मैदानावर जा, मुलं जोड्या करून समोरासमोर उभी दिसतील. एकानं चेंडू टाकायचा, दुसऱ्यानं अंडरआर्म करून तो त्याच्याच हातात परत द्यायचा. जोडीदार नसेल तर भिंत. पन्नास झाले, शंभर झाले, की पुढचा प्रकार. एकच गोष्ट शेकडो वेळा केली की हात बसतो, अशी आपली पक्की समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. उरलेल्या अर्ध्या भागाचा पिच्छा एका प्राध्यापकानं पुरवला आणि त्या जोरावर अमेरिकेतल्या कॉलेज व्हॉलीबॉलचं विजेतेपद दोनदा मिळवलं. त्यांचं नाव कार्ल मॅक्गाऊन.

अमेरिकेत पुरुषांची एनसीएए (तिथल्या कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) व्हॉलीबॉल स्पर्धा १९७० साली सुरू झाली आणि पुढची चोवीस वर्षं तिचं विजेतेपद कॅलिफोर्नियाबाहेर गेलंच नाही. त्यातही दबदबा यूसीएलएचा, म्हणजे लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा. तिथले प्रशिक्षक अल स्केट्स यांनी अर्धशतकाच्या कारकिर्दीत तब्बल १९ विजेतेपदं मिळवली. कॅलिफोर्नियाबाहेरचा पहिला विजेता १९९४ मध्ये निघाला, पेन स्टेट विद्यापीठ. दुसरा १९९९ मध्ये, युटा राज्यातल्या प्रोव्हो शहराचं ब्रिगहॅम यंग विद्यापीठ. या विद्यापीठाच्या पुरुष व्हॉलीबॉल संघाला अधिकृत दर्जा मिळाला होता तो १९९० मध्ये, आणि तेव्हापासून २००२ पर्यंत मॅक्गाऊन त्याचे मुख्य प्रशिक्षक होते. २००१ मध्ये त्यांनी पुन्हा विजेतेपद मिळवलं, तेही अंतिम सामन्यात स्केट्स यांच्या यूसीएलएला हरवून.

मॅक्गाऊन यांचा मूळ पेशा अध्यापनाचा. माणूस हालचाली कशा शिकतो, हा त्यांच्या डॉक्टरेटचा विषय, आणि तोच ते विद्यापीठात शिकवत. १९८४ आणि १९८८ मध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकणाऱ्या अमेरिकी पुरुष संघांनाही त्यांच्या या ज्ञानाचा उपयोग झाला. न्यूझीलंडहून आलेले ह्यू मॅककचन आधी त्यांच्या हाताखाली खेळले, मग त्यांचे सहायक झाले, आणि २००८ साली बीजिंगमध्ये अमेरिकेला सुवर्णपदक मिळालं ते मॅककचन मुख्य प्रशिक्षक असताना. त्या संघातले रायन मिलर आणि लिबेरो (फक्त बचावासाठी असलेला खेळाडू) रिच लॅम्बोर्न हे दोघंही ब्रिगहॅम यंगचेच.

आता मैदानावरच्या त्या जोडीकडे परत वळू. सामन्यात सर्व्हिस घेणाऱ्याकडे चेंडू येतो नेटपलीकडून, वेगानं आणि वरून. तो जिकडून आला तिकडे परत द्यायचा नसतो, नेटजवळच्या सेटरकडे, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणाऱ्या खेळाडूकडे, कोन बदलून द्यायचा असतो. कोर्टची लांबी १८ मीटर. ताशी १०८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३० मीटर वेगाची जंप सर्व्हिस हे अंतर साधारण ०.६ सेकंदात कापते. दिसलेल्या गोष्टीवर शरीर हलायलाच सुमारे ०.२ सेकंद जातात. याचा अर्थ, सर्व्हिस करणाऱ्याचा खांदा, हात आणि चेंडूची सुरुवातीची दिशा वाचून पाय आधीच हलवावे लागतात. समोरच्या मित्रानं अलगद टाकलेल्या चेंडूत यातलं काहीही नसतं. बाहेरून दोन्ही हालचाली सारख्या दिसतात, मेंदूच्या लेखी त्या वेगळ्या आहेत. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले संशोधक फ्रँकलिन हेन्री यांनी १९५० आणि ६० च्या दशकांत दाखवून दिलं होतं की हालचालींची कौशल्यं फार विशिष्ट असतात, एकात तरबेज असलेला माणूस तिच्यासारख्या दुसरीतही तरबेज असेलच असं नाही. म्हणून मॅक्गाऊन यांच्या पद्धतीत चेंडू नेटवरूनच येतो आणि सेटरकडेच जातो, अगदी सरावातसुद्धा.

पण मला सगळ्यात भुरळ घालतो तो त्यांच्या सरावाचा क्रम. वीस सर्व्हिस, मग वीस पास, मग वीस स्मॅश असं न करता सगळं मिसळून करायचं. वरवर पाहिलं तर हा गोंधळच. त्यामागचा प्रयोग जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन या संशोधकांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. हातात टेनिसचा चेंडू घेऊन समोरच्या छोट्या लाकडी फळ्या ठरावीक क्रमानं पाडायच्या, एवढंच काम होतं. क्रम तीन. प्रत्येकानं एकूण ५४ वेळा सराव केला, प्रत्येक क्रमाचा १८ वेळा. एका गटानं पहिल्या क्रमाचे अठराही प्रयत्न आधी संपवले, मग दुसऱ्याचे, मग तिसऱ्याचे. दुसऱ्या गटाला पुढचा प्रयत्न कुठल्या क्रमाचा येणार याचा अंदाजच नव्हता. सरावात पहिला गट स्पष्टपणे वेगवान ठरला. मग दहा मिनिटांनी आणि पुन्हा दहा दिवसांनी चाचणी घेतली, तर विस्कळीत सराव करणारा गट पुढे निघाला. सराव तेवढाच, हालचाली त्याच, बदलला होता फक्त क्रम.

हे का होतं? टिमोथी ली आणि रिचर्ड मॅगिल यांनी १९८३ मध्ये मांडलेलं स्पष्टीकरण मला विलक्षण सुंदर वाटतं. कुठलीही हालचाल करण्यापूर्वी मेंदू तिचा एक आराखडा तयार करतो: कुठले स्नायू, कुठल्या क्रमानं, किती जोरानं. तीच हालचाल लगेच पुन्हा करायची असेल तर तो आराखडा कार्यकारी स्मृतीत, म्हणजे हातातल्या कामापुरत्या तात्पुरत्या स्मृतीत, तयारच असतो. दुसऱ्यापासून विसाव्या प्रयत्नापर्यंत मेंदू तोच वापरत राहतो, नव्यानं काही बांधत नाही. मधे दुसरी हालचाल आली की पहिला आराखडा पुसला जातो, आणि पुन्हा पाळी आली की तो दीर्घकालीन स्मृतीतून मुळापासून उभारावा लागतो. शिकणं घडतं ते या उभारणीत. म्हणजे दोन प्रयत्नांच्या मधे विसरणं शिकण्याच्या आड येत नाही, ते शिकण्याला मदतच करतं. शे यांची स्वतःची मांडणी थोडी निराळी: वेगवेगळ्या हालचाली एकाच वेळी मनात वावरत असल्या की त्यांची आपसात तुलना होते आणि प्रत्येकीची वेगळी ओळख ठळक होते. या दोन मांडण्यांपैकी एकच बरोबर असली पाहिजे असं नाही. मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या अभ्यासांत विस्कळीत सरावाच्या वेळी हालचालीची आखणी करणारे भाग अधिक सक्रिय दिसले आहेत, आणि ते दोन्हींशी जुळतं.

इथे थोडं खोलात जावं लागेल. रिचर्ड श्मिट यांच्या १९७५ च्या सिद्धांतानुसार हालचालींच्या प्रत्येक कुळासाठी मेंदूत एक सर्वसाधारण कार्यक्रम असतो. हालचालीच्या भागांचा क्रम आणि त्यांच्या वेळेची परस्परप्रमाणं त्यात ठरलेली असतात. एकूण जोर, एकूण वेळ, दिशा ही मूल्यं ऐनवेळी भरली जातात. मॅगिल आणि केली हॉल यांनी १९९० मध्ये असं सुचवलं की मिसळलेल्या सरावाचा खरा फायदा दिसतो तो कार्यक्रमच बदलतो तेव्हा. फक्त मूल्यं बदलली तर फायदा कमी. व्हॉलीबॉलला हे लावलं तर एकाच प्रकारची सर्व्हिस आलटून पालटून डाव्या आणि उजव्या कोपऱ्यात मारणं हा फक्त मूल्यांचा बदल ठरतो. सर्व्हिस करून लगेच बचावाला धावणं, डिग करणं (जमिनीजवळ आलेला स्मॅश उचलणं), मग ब्लॉकला उडी मारणं, यात दर वेळी कार्यक्रम बदलतो. प्रत्यक्ष खेळ हा दुसऱ्या प्रकारचा असतो. ही सीमारेषा सगळ्या प्रयोगांत तितकी स्वच्छ दिसलेली नाही, तरी प्रशिक्षकानं विचार करावा अशी ती नक्कीच आहे.

शाळेचं गणिताचं पुस्तक आठवलं तर हे चटकन पटेल. प्रत्येक सरावसंचात एकाच पद्धतीची उदाहरणं असतात, त्यामुळे कुठलं सूत्र वापरायचं हा प्रश्नच येत नाही. संकीर्ण प्रश्नसंग्रहाला आलो की घाम फुटतो, कारण आता सूत्र निवडायचं असतं. रोरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये हे घनफळाच्या उदाहरणांवर तपासलं. सरावात एकगठ्ठा पद्धतीची मुलं ८९ टक्के बरोबर, मिसळलेली ६० टक्के. आठवड्यानं परीक्षा घेतली तर एकगठ्ठावाले २० टक्क्यांवर घसरले, मिसळलेले ६३ वर टिकले.

मैदानावरचे पुरावेही आहेत. कॅलिफोर्नियातल्या कॉलेज बेसबॉलपटूंना १९९४ च्या एका अभ्यासात सहा आठवडे जादा फलंदाजीचा सराव दिला. चेंडू तीन प्रकारचे. मिसळून खेळलेल्यांची सुधारणा ५७ टक्के, प्रकारवार खेळलेल्यांची २५, जादा सराव न केलेल्यांची ६. बॅडमिंटनच्या तीन सर्व्हिसवरचा १९८६ चा प्रयोगही याच बाजूचा.

मग इतकी वर्षं प्रशिक्षक दुसऱ्या बाजूला का राहिले? सरावात जे दिसतं ते फसवं असतं म्हणून. गंमत अशी की हा भ्रम नीट तपासणारे रॉबर्ट ब्योर्क यूसीएलएमध्येच मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. डॉमिनिक सायमन आणि ब्योर्क यांनी २००१ मध्ये शिकणाऱ्यांनाच विचारलं, उद्याच्या चाचणीत तुम्ही कसे असाल? एकगठ्ठा सराव केलेले आत्मविश्वासानं जास्त बोलले आणि दुसऱ्या दिवशी मागे पडले. विसाव्या पासला चेंडू सुबक जातो, प्रशिक्षक खूश, मूल खूश, कौतुकानं बघणारे पालकही खूश. शनिवारच्या सामन्यात पहिलाच पास नेटपलीकडे.

याच कारणानं मला ‘दहा हजार तास सराव केला की कुणीही तरबेज होतो’ या मंत्राचा राग येतो. बर्लिनच्या व्हायोलिनवादकांच्या अभ्यासातली ती निव्वळ एक सरासरी होती, तीही विशीपर्यंतची आणि फक्त अव्वल गटाची. तासांत काय केलं हे बाजूला टाकून तास मोजणं म्हणजे जपाची माळ ओढणं. त्याहून वाईट ते ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’चे वर्ग. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलांना वाचायला लावायचं आणि मेंदू जागा झाला म्हणून पालकांकडून हजारो रुपये घ्यायचे. मुलं नाकाजवळच्या फटीतून बघतात, तेवढी फट बंद केली की चमत्कार थांबतो. मेंदू खरोखर कसा शिकतो याचं ज्ञान फुकट उपलब्ध असताना हा धंदा चालावा याचं वाईट वाटतं.

मॅक्गाऊन यांच्या विजयांचं सगळं श्रेय मात्र मी या एका तत्त्वाला देणार नाही. ब्रिगहॅम यंग हे मॉर्मन पंथाचं विद्यापीठ, तिथले बरेच खेळाडू मधे दोन वर्षं धर्मकार्यासाठी जातात, त्यामुळे प्रतिस्पर्ध्यांपेक्षा ते वयानं मोठे आणि ताकदीनं भरलेले असतात. संघात पोर्तो रिकोचे उत्तम खेळाडूही होते. एका प्रशिक्षकाच्या ट्रॉफ्या मोजून सिद्धांत सिद्ध होत नाही, नाहीतर १९ विजेतेपदांच्या बळावर स्केट्स यांची प्रत्येक सवय विज्ञान ठरली असती. प्रयोगशाळेत दिसतो तितका मोठा परिणाम मैदानावर दिसत नाही, हेही खरं. हायस्कूलच्या मुलांवर १९९० मध्ये झालेल्या एका अभ्यासात तर व्हॉलीबॉलच्याच तीन कौशल्यांत दोन्ही पद्धतींमध्ये फरक आढळला नाही. अगदी नवख्या मुलाला हात कसे जोडायचे हेच कळत नसेल तर पहिले काही दिवस एकच गोष्ट करू द्यावी. चेंडू बऱ्यापैकी हवा तिकडे जायला लागला की मिसळायला सुरुवात करावी, आणि चेंडू नेटपलीकडून येऊ द्यावा. शिबिरातल्या शिक्षकांना हे पडताळायला यंत्रं लागत नाहीत. दोन गट करायचे, दोघांनाही तितकेच चेंडू द्यायचे, आणि सराव संपल्या संपल्या नव्हे तर तीन-चार दिवसांनी, सरावाआधी, खऱ्या सर्व्हिसवर पास मोजायचे.