गुग्गुळ: औषधाचा आणि झुडपाचा इतिहास

सांधेदुखीला योगराज गुग्गुळ, वाढत्या वजनाला त्रिफळा गुग्गुळ ही नावं मराठी घरांत नवीन नाहीत. पण ज्याचा हा डिंक, ते झुडूप आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलंय. राजस्थान, कच्छ आणि पलीकडे सिंधमधल्या कोरड्या, खडकाळ माळांवर ते वाढतं. बुटकं, काटेरी, वर्षातले बरेच महिने पानांविना.

सुश्रुतसंहितेत मेदोरोगावर, म्हणजे अंगात चरबी वाढण्याच्या विकारावर, गुग्गुळ सांगितला आहे. बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी हे वर्णन धमन्यांत चरबी साचण्याच्या आजाराशी ताडून पाहिलं आणि सशांवर प्रयोग केले. कोलेस्टेरॉल चारलेल्या सशांच्या रक्तातली चरबी गुग्गुळाने उतरली. हा प्रबंध १९६६ चा. ग्रंथातलं वचन नुसतं पूजायचं नाही आणि झिडकारायचंही नाही, प्रयोगाला लावायचं. या साऱ्या इतिहासात मला हेच काम सर्वांत मोलाचं वाटतं.

पुढचा धागा पुण्याचा. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुख देव आणि सहकाऱ्यांनी या डिंकातली, म्हणजे राळेतली, स्टेरॉइडं वेगळी केली आणि १९७२ मध्ये त्यांची रचना प्रसिद्ध केली. त्यांतली ई आणि झेड गुग्गुलस्टेरॉन ही जोडी पुढे गाजली. लखनऊच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने इथाइल ॲसिटेटमध्ये काढलेल्या अर्कातून ‘गुगुलिपिड’ तयार केलं आणि १९८० च्या दशकात ते भारतात औषध म्हणून आलं.

२००२ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवलं की गुग्गुलस्टेरॉन यकृतातल्या पित्ताम्लांच्या ग्राहीला, म्हणजे पित्ताम्लं ज्याला जोडली जातात त्या ‘एफएक्सआर’ नावाच्या प्रथिनाला, अडवतं; कोलेस्टेरॉल त्यामुळेच उतरत असावं असं त्यांचं म्हणणं. पण २००३ मध्ये तिथेच झालेल्या चाचणीत १०३ रुग्णांपैकी गुगुलिपिड घेणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल घटण्याऐवजी किंचित वाढलं. काहींच्या अंगावर पुरळही उठलं. भारतातल्या आधीच्या चाचण्यांचे निष्कर्ष याच्या उलट होते. त्यामुळे कोलेस्टेरॉलची चालू गोळी आपल्या मनाने सोडून गुग्गुळावर जाणं धोक्याचं आहे.

दरम्यान झुडपाची दैना झाली. डिंक जास्त सुटावा म्हणून खोल चिरा देतात, वर रसायनं भरतात, आणि चिरलेलं झाड बहुधा वाळून मरतं. आधीच त्याची वाढ संथ. त्यात निसर्गात बहुतेक झाडं मादी, बी परागणाशिवायच धरतं आणि रुजतं कमी. आंतरराष्ट्रीय लाल यादीत गुग्गुळ आज ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. फांद्यांच्या कलमांपासून लागवड करता येते, मात्र चीर देण्याजोगं झाड व्हायला बरीच वर्षं जातात.