इरल्यापासून मेम्ब्रेनपर्यंत : पावसात फोटो काढणाऱ्याच्या रेनकोटाची पार्श्वभूमी

आंबोलीत जुलैच्या रात्री बेडकांचे फोटो काढायला बसलेला माणूस वरून पावसाने भिजतो आणि आतून घामाने. दुकानात मात्र तो फक्त पावसाचा विचार करतो. लेबलवर ‘ब्रीदेबल’ (घामाची वाफ बाहेर जाऊ देणारा) लिहिलेलं असतं, खाली १०,००० किंवा २०,००० असा आकडा असतो आणि आकडा मोठा म्हणजे कोट चांगला, असा हिशोब होतो. हे आकडे थंड हवेच्या देशांतल्या गरजेतून आणि तिथल्या प्रयोगशाळांतून आले आहेत. सह्याद्रीच्या पावसाळ्यात ते तसेच लागू पडत नाहीत.

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर वेगळ्या वाटेने शोधलं गेलं होतं. कोकणात आणि मावळात भातलावणीच्या वेळी वापरलं जाणारं इरलं म्हणजे बांबूच्या कामट्यांची दुहेरी जाळी आणि तिच्यामध्ये दाबून बसवलेली रुंद पानं. ते डोक्यावर अडकवलं की वाकलेली पाठ कमरेखालपर्यंत झाकली जाते. पुढची बाजू आणि खालचा भाग उघडा राहतो, दोन्ही हात मोकळे राहतात. इरलं पाठीला चिकटत नाही, त्यामुळे मधून वारा खेळतो. म्हणजे कोरडं राहण्याचं काम पानं करतात आणि घाम वाळवण्याचं काम हवा करते. धनगरांच्या घोंगडीची खोळ हे दुसरं उत्तर. लोकर स्वतःच्या कोरड्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा बाष्प शोषते, तरी हाताला ओली लागत नाही. पूर्ण भिजली की मात्र ती फार जड होते.

पाणी अजिबात आत येऊ न देणारं कापड आलं ते ग्लासगोहून. चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली पेटंट घेतलं. डांबरापासून मिळणाऱ्या नॅफ्थामध्ये रबर विरघळवायचं आणि ते लुकण दोन कापडांच्या मध्ये लावायचं, ही त्याची पद्धत. शिंप्यांनी या कापडाचे कोट शिवले आणि सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी गळू लागलं. आजच्या कोटाच्या आत शिवणीवर जी पट्टी चिकटवलेली असते, तिचं मूळ या तक्रारीत आहे. थंडीत हे कापड कडक व्हायचं, उन्हात चिकट व्हायचं. इंग्लंडमध्ये थॉमस हँकॉक आणि अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांच्या १८४३-४४ च्या व्हल्कनायझेशनच्या, म्हणजे रबर गंधकासह तापवून टिकाऊ करण्याच्या, पेटंटांनंतर तो दोष गेला. पण वाफ कोंडण्याचा दोष तसाच राहिला, कारण रबरातून काहीच बाहेर जात नाही. कोलकात्यात १९२० साली सुरेंद्रमोहन बोस यांनी सुरू केलेल्या बंगाल वॉटरप्रूफच्या ‘डकबॅक’ रेनकोटांनी हे रबरी कापड आपल्याकडे घरोघरी नेलं.

पुढचा टप्पा विणकामाचा. बेझिंगस्टोकच्या थॉमस बर्बेरीने १८७९ मध्ये गॅबर्डिन काढलं. त्यात विणण्याआधी सूतच जलरोधक करायचं आणि मग ते घट्ट विणायचं. शॅकल्टनच्या अंटार्क्टिक मोहिमांत हेच कापड गेलं. दुसऱ्या महायुद्धात मँचेस्टरच्या शर्ले इन्स्टिट्यूट या कापूस संशोधन संस्थेने व्हेंटाइल नावाचं सुती कापड तयार केलं. थंड समुद्रात कोसळलेला वैमानिक गारठून मरू नये, यासाठी. लांब धाग्याच्या कापसाची ही इतकी दाट वीण असते की धागा भिजून फुगला की मधल्या फटी आपोआप बुजतात. त्याला रबराचा थर लागत नाही, पडदा (मेम्ब्रेन) लागत नाही. ब्रिटनमधल्या वन्यजीव छायाचित्रकारांना व्हेंटाइल आवडलं ते आणखी एका गुणामुळे : ते सळसळत नाही. नायलॉनच्या बाहीचा आवाज जवळच्या पक्ष्याला सावध करायला पुरेसा असतो. आजही आडोशात बसून काम करणाऱ्याने कोट घेताना बाही कानाजवळ चोळून पाहावी. लेबलावर न मिळणारी ही माहिती आहे. व्हेंटाइल भिजल्यावर जड होतं आणि वाळायला वेळ लागतो, त्यामुळे सलग आठ दिवसांच्या पावसात त्याचा उपयोग नाही.

‘ब्रीदेबल’ हा शब्द बाजारात रुळला तो गोअर-टेक्समुळे. डेलावेअरमध्ये बॉब गोअर १९६९ मध्ये टेफ्लॉनच्या, म्हणजे पीटीएफईच्या, तापवलेल्या कांड्या ताणून पाहत होते. हळू ताणल्या की त्या तुटत. शेवटी त्यांनी एक कांडी झटक्यात ओढली आणि ती सुमारे आठपट लांबली. आत असंख्य सूक्ष्म छिद्रं तयार झाली होती, पाण्याच्या थेंबाला लहान पण वाफेच्या रेणूला ऐसपैस. या पदार्थाचा पातळ पडदा कापडाला चिकटवला की गोअर-टेक्स झालं. पेटंट १९७६ मध्ये मिळालं आणि त्याच सुमारास सिअ‍ॅटलच्या एका कंपनीने त्याचे तंबू आणि कोट विकायला काढले. पहिल्या पिढीचे कोट गळू लागले, कारण अंगाचं तेल आणि घामातले पदार्थ छिद्रांत शिरून पाण्याला वाट करून देत. म्हणून आतल्या बाजूने पॉलियुरेथेनचा अतिपातळ थर दिला गेला. त्या थराने गळती थांबवली, पण त्यातून हवा सरळ जात नाही. वाफ आधी त्या थरात मुरते आणि मग पलीकडे निघते.

आता लेबलावरचे आकडे. पहिला आकडा पाण्याच्या स्तंभाचा : कापडावर किती मिलिमीटर उंचीचं पाणी उभं केलं की ते झिरपतं. एका चौरस सेंटिमीटरवर एक किलो भार म्हणजे सुमारे १०,००० मिमी, हे गणित लक्षात ठेवावं. पाऊस स्वतः इतका दाब कधीच देत नाही, पण गुडघा देतो. सड्यावरच्या ओल्या जांभ्यावर एक गुडघा टेकून मॅक्रो फोटो काढताना ३० चौरस सेंटिमीटरवर ३५ किलो आले तर दाब १२,००० मिमीच्या आसपास जातो. ५,००० मिमीची पँट तिथे झिरपते आणि दोष शिवणीला दिला जातो. कॅमेऱ्याच्या बॅगेचा पट्टा खांद्यावर हेच करतो, पण कमी जोराने. म्हणून कोटाला १०,००० चालेल, पँटीला २०,००० पाहावं, किंवा गुडघ्याखाली फोमचा तुकडा घ्यावा. तो स्वस्त पडतो.

दुसरा आकडा २४ तासांत दर चौरस मीटरमधून किती ग्रॅम वाफ जाते याचा. जपानी चाचणीच्या ए-१ आणि बी-१ या दोन पद्धती एकाच कापडाला फार वेगळे आकडे देतात, त्यामुळे पद्धत लिहिलेली नसेल तर दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. आरईटी हा आकडा दिलेला असेल तर तो धरावा. तो कापडाचा वाफेला होणारा विरोध मोजतो, म्हणून जितका कमी तितका चांगला. ६ च्या खाली उत्तम, २० च्या वर कोंडमारा.

पण खरी अडचण चाचणीची नाही, हवेची आहे. वाफ कापडातून जाते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकामुळे. घामेजल्या त्वचेजवळ, ३४ अंशांना, हा दाब सुमारे ५३ हेक्टोपास्कल असतो. ५ अंशांच्या धुक्यात बाहेर ९ असतो, म्हणजे फरक ४४. आंबोलीच्या २४ अंशांच्या ढगात बाहेर ३० असतो, म्हणजे फरक २३. तोच महागडा पडदा इथे निम्म्या जोराने काम करतो आणि चढावर घाम मात्र कितीतरी जास्त येतो. म्हणून सह्याद्रीत कोट निवडताना पडद्याच्या नावापेक्षा काखेतल्या लांब चेन, पाठीवरची झडप आणि सैल घेर यांना आधी मान द्यावा. इरल्याचं तत्त्व तेच होतं. वारा नसेल तर पोंचो उत्तम, पण घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात तो कॅमेऱ्यासमोर फडफडतो.

कोंडलेली वाफ कॅमेऱ्यालाही भोवते. कोटातली गरम दमट हवा गळ्यातून वर येते आणि व्ह्यूफाइंडरच्या काचेवर व चष्म्यावर बसते. पाऊस वाढला म्हणून कॅमेरा कोटाच्या आत घेतला तर भिंगाची थंड काच लगेच धुरकटते आणि बाहेर काढल्यावरही ती लवकर सुकत नाही, कारण बाहेरची हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. कॅमेऱ्याला स्वतंत्र आवरण हवं. बाहीची पट्टी मनगटावर घट्ट बसते का, हेही पाहावं. कॅमेरा डोळ्याशी धरला की हात वर जातो आणि पाणी मनगटातून कोपरापर्यंत ओघळतं. टोपीची पुढची कडक कड फ्लॅशला अडते, मऊ कड बरी. हात वर केल्यावर कोटाची कड कमरेच्या वर सरकते का, ते दुकानातच तपासावं.

वरच्या कापडावरून थेंब घरंगळतात ते जलरोधक लेपामुळे. तो झिजला की कापड ओलं होऊन चिकटतं, वाफ अडते आणि आतला घाम पाहून लोक म्हणतात, कोट गळतो. जुने लेप लांब साखळीच्या फ्लोरिनयुक्त रसायनांचे होते. त्यांच्याशी संबंधित पीएफओए हे रसायन २०१९ मध्ये टिकाऊ प्रदूषकांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या बंदी यादीत गेलं. गोअर-टेक्सच्या कंपनीनेही २०२२ पासून फ्लोरिनरहित पॉलिथिलीनचा पडदा आणला. नवे फ्लोरिनरहित लेप पाणी झटकतात, पण तेल झटकत नाहीत. घाम, सनस्क्रीन आणि डासांचं मलम त्यांना लवकर निकामी करतात. त्यामुळे असा कोट जास्त वेळा धुवावा लागतो. सौम्य द्रव साबण घ्यावा, सॉफ्टनर टाळावा आणि लेबलावर परवानगी असेल तर वाळल्यावर मंद इस्त्री फिरवावी. उष्णतेने उरलेला लेप पुन्हा उभा राहतो. आतला पॉलियुरेथेनचा थर दमट उष्णतेत हळूहळू विघटित होतो. ऑक्टोबरात ओलसर घडी घालून ठेवलेला कोट पुढच्या जूनमध्ये चिकट, सालपटं निघणारा मिळतो. तसा थर सुटू लागला की नवा लेप मारून उपयोग नसतो.