स्ट्रेचरवाहक वादक

युद्धकाळात वाद्ये बाजूला ठेवून जखमींना आघाडीवरून मागच्या उपचारठाण्यापर्यंत वाहून नेणारे लष्करी वादक. ब्रिटिश पद्धतीच्या पायदळात हे काम बँडकडे सोपवण्याची चाल एकोणिसाव्या शतकात रुळली आणि पहिल्या महायुद्धापर्यंत ती जवळजवळ नियमच झाली. मराठवाड्याशी या प्रथेचा थेट संबंध आहे, कारण तिच्या आरंभीच्या उल्लेखांपैकी एक आसईच्या (जि. जालना) लढाईचा आहे.

उगम : याबाबत एकमत नाही. फ्रेंच परंपरेचे अभ्यासक फ्रेंच सैन्यातील शल्यविशारद लारे यांच्या १७९० च्या दशकातील वेगवान रुग्णगाड्यांपासून सुरुवात करतात आणि त्याच सैन्यातील दुसरे शल्यविशारद पेर्सी यांनी १८१३ च्या सुमारास उभारलेल्या स्ट्रेचरवाहकांच्या तुकड्यांना निर्णायक मानतात. मात्र या दोन्ही व्यवस्था खास उभारलेल्या होत्या. वादकांचा त्यांत मुद्दाम उपयोग नव्हता. बंदूक न चालवणारी जी माणसे पलटणीत आयतीच होती त्यांना गरजेपोटी या कामाला लावले गेले व पुढे त्याची पद्धत झाली, हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

आसईचा पुरावा : २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने पिंपळगाव व वरूड यांच्या दरम्यान केळणा नदी ओलांडली आणि केळणा व जुई या नद्यांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई दिली. शिंद्यांच्या तोफखान्याचा मारा इतका प्रखर होता, की इंग्रजांकडील ४२८ ठार व १,१३८ जखमी झाले. स्कॉटिश पलटणींच्या एकोणिसाव्या शतकातील इतिहासांत ७८ व्या हायलँडर पलटणीची एक हकीकत येते. वादकांनी जखमींकडे पाहावे व त्यांना मागे शल्यविशारदांपर्यंत न्यावे, असा हुकूम निघाला. एका पायपरने, म्हणजे पिशवीची बासरी वाजवणाऱ्याने, तो स्वतःलाही लागू समजून वाद्य खाली ठेवले आणि जखमींना हात दिला. पुढे सोबत्यांनी त्याची हेटाळणी केली. बासरीवाले आणि सनईच्या कुळातले ओबोवाले मागे गेले तर चालेल, पायपरने मात्र ऐन धुमश्चक्रीत वाजवतच राहिले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला वऱ्हाडातील आडगावच्या लढाईत त्याने इतक्या आवेशाने वाजवले, की शिपाई रांग मोडून पुढे धावतील या भीतीने कर्नलला त्याला थांबवावे लागले.

हा उत्तरार्ध फारच नेटका आहे. तो कथनाच्या ओघात घडवला गेला असण्याची शक्यता गृहीत धरावी. पूर्वार्ध मात्र विश्वसनीय वाटतो, कारण पायपरचा गोंधळ त्या काळच्या व्यवस्थेशी जुळतो. ब्रिटिश भूदलात पायपरचे पद १८५४ पर्यंत अधिकृत नव्हते. तोवर तो हजेरीपटावर ढोलवाला किंवा साधा शिपाई म्हणून दाखवला जाई. त्यामुळे तो बँडमध्ये मोडतो की इशारे देणाऱ्यांत, हे हुकुमावरून ठरत नव्हते. १८०३ च्याच एका आदेशाने बँडमधील शिपायांनी युद्धप्रसंगी सशस्त्र होऊन पलटणीतील आपापल्या तुकडीत (कंपनीत) उभे राहावे असे ठरवले होते. काही लेखक यावरून आसईच्या हकिकतीवर शंका घेतात. परंतु विलायतेचे टपाल यायला तेव्हा चार-सहा महिने लागत; तो आदेश आसईपूर्वी दख्खनमध्ये पोचणे संभवत नाही.

डोली व भोई : ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत जखमी मुख्यतः डोलीतून जात आणि ती भोई किंवा कहार उचलीत. ते बिनलढाऊ नोकर असल्याने तोफांच्या माऱ्यात त्यांना पुढे धाडणे अवघड असे. रांगेपासून डोलीपर्यंतचा पहिला टप्पा वादकांकडे येण्याचे कारण बहुधा हेच. आसईच्या जखमींसाठी पुढे अजिंठ्याला इस्पितळ झाले. ते सरळ रेषेत सु. ३५ किमी.वर आहे.

वहनतंत्र : स्ट्रेचर हेलकावू नये म्हणून पुढच्याचे डावे पाऊल पडते तेव्हा मागच्याचे उजवे पडावे लागते. एका ठेक्यावर चालण्यात मुरलेल्या बँडवाल्याला ही सवय आधी मोडावी लागते. सपाटीवर जखमीचे पाय पुढे ठेवतात, चढावर डोके. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश बटालियनमागे सामान्यतः १६ वाहक असत. मोठ्या चढाईपूर्वी ही संख्या दुप्पट करीत.

नंतरचा काळ : औरंगाबाद, जालना, हिंगोली व मोमिनाबाद (अंबाजोगाई) येथे छावण्या असलेले हैदराबाद कंटिंजंट, म्हणजे निजामाच्या राज्यातील ब्रिटिश अधिकाऱ्यांखालची फौज, १९०३ मध्ये भारतीय सैन्यात विलीन झाले. त्यातील ९८ वी पलटण १९१४ मध्ये पूर्व आफ्रिकेत टांगाच्या लढाईत होती. १९२२ नंतर या परंपरेतून १९ वी हैदराबाद रेजिमेंट बनली. १९४५ मध्ये तिला कुमाऊँ रेजिमेंट हे नाव मिळाले. भारतीय भूदलातील बँडवाल्यांना आजही युद्धकाळासाठी जखमी-वहनाचे शिक्षण मिळते.

कायदेशीर स्थान : १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा करारातील कलम २५ प्रमाणे साहाय्यक स्ट्रेचरवाहकाला (बँडवाला याच वर्गात मोडतो) प्रत्यक्ष ते काम करीत असतानाच संरक्षण असते आणि कलम ४१ प्रमाणे रेडक्रॉससारख्या चिन्हाची लहान प्रतिमा असलेली पांढरी दंडपट्टी त्याने तेवढ्यापुरतीच बांधायची असते. पकडला गेल्यास कलम २९ नुसार तो युद्धकैदीच ठरतो. गरज असेल तेथे त्याला वैद्यकीय कामाला लावायचे, एवढीच सवलत आहे.