गोव्याच्या कॅसिनोत जिंकलेल्या पैशावरचा कर: प्रवेशापासून रिटर्नपर्यंत

‘बारा लाखांपर्यंत उत्पन्न करमुक्त आहे ना? मग स्लॉट मशीनवर लागलेल्या ८० हजारांवर टॅक्स कसला?’ रिटर्न भरायचे दिवस आले की हा प्रश्न हमखास येतो. उत्तर सरळ आहे, पण ते कुणालाच आवडत नाही. बारा लाखांची ती सवलत पगार, व्याज, भाडे अशा नेहमीच्या उत्पन्नासाठी आहे. जुगार, लॉटरी किंवा घोड्यांच्या शर्यतीतून आलेल्या पैशाला ती एका रुपयापुरतीही लागू होत नाही. इथली कराची सगळी माहिती आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या उत्पन्नासाठी, म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२६-२७ च्या रिटर्नसाठी आहे.

आधी कॅसिनोत कुणाला जाता येते ते पाहू. गोव्यातही जुगाराला मुळात बंदीच आहे. १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना सूट मिळाली. १९९६ मध्ये जहाजांवरच्या टेबलावरील खेळांनाही ती मिळाली. मांडवीतल्या बोटींवर पत्ते आणि रूलेट, तर हॉटेलांत मशीन, हा फरक तिथून आला. परवाना राज्य सरकार देते आणि त्यासाठी दरवर्षी भरभक्कम फी घेते. आत जायला वय २१ पूर्ण हवे. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना खेळायला मज्जाव आहे. राज्याला महसूल हवा, पण आपली माणसे टेबलावर नकोत, असा हा सोयीस्कर कारभार. सोबत वय आणि पत्ता दाखवणारे मूळ ओळखपत्र ठेवा. कॅसिनो मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली येतात, त्यामुळे मोठ्या रकमेसाठी केवायसी मागितली जाते आणि १० लाखांवरच्या रोख व्यवहारांची माहिती केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे जाते.

पॅन कार्डही बरोबर न्या. पॅन दिला नाही तरी कर कापला जातोच, फक्त तो तुमच्या नावावर जमा दिसत नाही. नंतर तो तुमच्या खात्यावर आणायचा म्हणजे नाकी नऊ येतात.

खेळायला बसण्याआधीच पहिला कर भरून झालेला असतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून चिप्स घेण्यासाठी दिलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. म्हणजे १०,००० रुपयांच्या चिप्सवर ४,००० रुपये कर. जिंकलेल्या चिप्स तशाच पुढच्या डावात लावल्या तर त्यावर पुन्हा जीएसटी लागत नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. मात्र न खेळलेल्या चिप्स काउंटरवर परत केल्या तरी त्यावरचा जीएसटी परत मिळत नाही. कॅसिनोच्या प्रवेश पॅकेजमध्ये किती रकमेच्या चिप्स धरल्या आहेत ते बिलावर पाहून घ्या, आणि अंदाजाने जास्त चिप्स घेऊन ठेवू नका.

आता आयकर. जिंकलेल्या रकमेवर कलम ११५बीबीनुसार सरसकट ३० टक्के कर आहे आणि त्यावर ४ टक्के उपकर, मिळून ३१.२ टक्के. एकूण उत्पन्न ५० लाखांच्या पुढे गेले तर अधिभार वेगळा. एका व्यवहारात १०,००० रुपयांपेक्षा जास्त जिंकलात की पैसे देणाऱ्याने ३० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे हातात देण्याआधीच कर, कापायचा असतो (कलम १९४बी). ही ‘एका व्यवहारा’ची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासूनची आहे. त्याहून कमी जिंकलात म्हणजे करातून सुटलात असे नाही. टीडीएस कापला जात नाही, इतकेच.

समजा तुमचा वार्षिक पगार ९ लाख आहे, तुम्ही नवी करप्रणाली घेतली आहे आणि मशीनवर ८०,००० रुपये लागले. पगारावरचा कर ८७ए च्या सवलतीमुळे शून्य. ८०,००० वर २४,००० टीडीएस कापून हातात ५६,००० पडले. प्रत्यक्ष कर मात्र २४,९६० आहे, कारण निवासी व्यक्तीच्या टीडीएसमध्ये उपकर धरलेला नसतो. उरलेले ९६० रुपये रिटर्नआधी स्वतः भरायचे. आणि त्याच रात्री आधी ६०,००० हरला होतात? त्याची वजावट नाही. प्रवास, हॉटेल, प्रवेश फी, काहीच वजा होत नाही. ८०सी खालची गुंतवणुकीची वजावट सुद्धा नाही. या कायद्याच्या हिशेबात फक्त जिंकलेले डाव मोजतात.

टीडीएस कापलाच नसेल तर पूर्ण २४,९६० रुपयांची जबाबदारी तुमची. देय कर १०,००० च्या वर असल्याने अग्रिम कराचा, म्हणजे वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी कर भरण्याचा, नियम लागतो. जिंकल्यानंतरच्या उरलेल्या हप्त्यांत, किंवा सगळे हप्ते उलटून गेले असतील तर ३१ मार्चपर्यंत कर भरला, तर हप्ता चुकल्याचे व्याज या उत्पन्नावर लागत नाही. रक्कम मोठी असेल तर ती रोख घेऊ नका. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारल्यास स्वीकारणाऱ्याला तितकाच दंड होऊ शकतो. बँकेतच मागा. गाडीसारखे वस्तुरूप बक्षीस असेल तर आधी कर भरल्याशिवाय ते ताब्यात मिळत नाही.

महाराष्ट्रात कॅसिनो नाही. १९७६ चा कॅसिनो नियंत्रण व कर कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्यात आला. महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवर परवानाधारक बेटिंग चालते. तिथल्या जिंकण्यालाही ३० टक्केच. टीडीएस कलम १९४बीबीखाली. क्रिकेटवरचा सट्टा बेकायदाच आहे, त्यासाठी कुठलाही अर्ज किंवा परवाना नाही. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणाऱ्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, पण त्याआधी एप्रिल ते ऑगस्टमध्ये एखाद्या फँटसी अ‍ॅपवर जिंकला असाल तर तेही याच रिटर्नमध्ये दाखवावे लागेल. त्याला किमान मर्यादा नाही, निव्वळ जिंकलेल्या रकमेवर कर आहे आणि कलम वेगळे: ११५बीबीजे.

रिटर्नसाठी आयटीआर-१ ‘सहज’ चालत नाही. नोकरदाराने आयटीआर-२, धंदा-व्यवसाय असेल तर आयटीआर-३ निवडायचा. ‘इतर स्रोतांपासून उत्पन्न’ या परिशिष्टात ११५बीबीच्या रकान्यात पूर्ण ८०,००० लिहा, हातात आलेले ५६,००० नव्हे. त्याच परिशिष्टात खाली ही रक्कम कोणत्या तिमाहीत मिळाली तेही विचारतात. ते रिकामे ठेवले तर व्याजाचा हिशेब चुकू शकतो. बाकी कराचे चलन पोर्टलवर ‘सेल्फ असेसमेंट टॅक्स’ म्हणून भरा आणि करनिर्धारण वर्ष नीट निवडा. इतर उत्पन्न नगण्य असले तरी वर्षभरातला एकूण टीडीएस २५,००० किंवा जास्त (ज्येष्ठांसाठी ५०,०००) असेल तर रिटर्न सक्तीचे आहे.

भरायला बसण्यापूर्वी फॉर्म १६ए (टीडीएसचे प्रमाणपत्र), २६एएस (तुमच्या पॅनवर जमा कराचा उतारा), एआयएस (आयकर खात्याकडची तुमच्या व्यवहारांची यादी), काउंटरची पावती, चिप्सचे जीएसटी बिल आणि बँकेचा उतारा जवळ ठेवा. १६ए देणे टीडीएस कापणाऱ्यावर बंधनकारक आहे. जानेवारी ते मार्चमधला असेल तर तो जूनच्या मध्यापर्यंत मिळायला हवा. टीडीएस कापला गेला पण २६एएसमध्ये दिसत नाही, असे झाले तर पैसे देणाऱ्याच्या हिशेब विभागाला ईमेल करून टीडीएस विवरणपत्र दुरुस्त करायला सांगा. पावतीची प्रत आणि पॅन सोबत जोडा. रिटर्नच्या मुदतीच्या आत दुरुस्ती झाली नाही तरी उत्पन्न मात्र दाखवाच. एआयएसमधली नोंद आणि तुमचे रिटर्न जुळले नाही की नोटीस तिथूनच निघते.